मामांचं नाव मी घेतलं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मुलाला नाही. कुडाळच्या बहिणीलाही नाही — जिला मी दर रविवारी फोनवर सगळं सांगते, भाजीवाल्याने गळ्यात मारलेल्या किडक्या वांग्यांसकट. देवापुढे बसल्यावर हा विषय मनात आला, की मी घाईघाईने घंटा वाजवायला घेते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, जिन्यात मला भेटणार नाही — एवढंच कारण असेल. त्याहून मोठं कारण शोधायला गेले तर मी पुन्हा काहीतरी खोटं बोलेन.

आधी माझा स्वभाव सांगते. मी संशयी आहे. हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. भांडुपच्या एका शाळेत मी जन्मभर मराठी शिकवलं, पण मुलांच्या लक्षात आहे ती परीक्षेच्या वर्गात फिरणारी सावंतबाई. मोज्यात, कंपासपेटीत, वेणीच्या रिबिनीत — चिठ्ठी कुठेही लपवा, माझा हात नेमका तिथेच पडायचा. मुलं मला पाठीमागे जासूस बाई म्हणायची आणि मला ते आवडायचं. रिटायर झाले, पण ही सवय काही सुटली नाही. दूधवाला, कुरियरवाला, गॅसवाला — प्रत्येकाकडे मी आधी चोर म्हणून बघते, मग माणूस म्हणून. माझा मुलगा बेंगळुरूला असतो. तो मला विचारतो, आई, तुझा देवावर तरी विश्वास आहे का गं? मी म्हणते, आहे, पण लक्ष ठेवून असते. आम्ही दोघं हसतो.

म्हणूनच तर सोसायटीने गच्चीची चावी माझ्याकडे दिली. मुलुंड पूर्वेची आमची बिल्डिंग जुनी, चार मजल्यांची, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, एक माझं आणि दुसरं समोरचं, भाड्याने दिलेलं. पूर्वी कॉलेजची पोरं गच्चीवर जाऊन नाही ते धंदे करायची. चावी माझ्याकडे आल्यापासून ते बंद झालं. ज्याला पापड वाळवायचे असतील, पाण्याची टाकी बघायची असेल, त्याने माझी बेल वाजवायची आणि कशाला जातोय ते सांगायचं.

समोर ती तिघं राहायला आली. हरेश, त्याची बायको वर्षा, आणि चौथीत जाणारी मुलगी महक. एजंटने सांगितलं, राजस्थानकडचे सिंधी आहेत, स्टेशनच्या पलीकडे कॉलनीत मामांचं कापडाचं दुकान आहे, हरेश तिथेच काम करतो. हे मामा — परसूमामा — स्वतः सामान लावायला आले होते. उतारवयाचे, प्रत्येक मजल्यावर थांबून दम खात होते, पण हातातला टेबल फॅन काही दुसऱ्याला घेऊ देईनात. जाताना माझ्याकडे आले, हात जोडले आणि अस्सल मुंबईच्या मराठीत म्हणाले की पोरं साधी आहेत बाई, जरा बघत जा. बघायचं काम मला कुणी सांगावं लागतं का?

मी बघायला लागले. दारावर नावाची पाटी नाही. बेल वाजली की आधी आतला आवाज बंद व्हायचा, मग साखळी लावूनच दार किलकिलं व्हायचं. गणपतीत सगळ्या बायकांचा फोटो काढायची वेळ आली तेव्हा वर्षा मुलीला काहीतरी द्यायच्या निमित्ताने बाजूला सरकली. पोलीस खाली गल्लीत पार्किंगवरून कुणाला ओरडत असले तरी समोरची खिडकी लागायची. गाव कुठलं विचारलं की एकदा ती बारमेर म्हणाली आणि एकदा जैसलमेर. माझ्यासारख्या बाईला एवढं पुरे होतं.

मग एक दिवस महक वही घेऊन माझ्याकडे आली. तिला मराठी जमायचं नाही, म्हणून मी तिला शिकवायला घेतलं होतं — फुकट, आणि मायेने, हेही खरंच आहे. निबंधाचा विषय होता ‘माझे गाव’. मी विचारलं, बोल, तुझं गाव कसं आहे? पोरीने उत्तर द्यायच्या आधी आईकडे बघितलं. वर्षा दारात उभी होती. तिचा चेहरा असा उतरला, की मी वही मिटली आणि महकला आत टीव्ही लावून दिला.

त्या दुपारी वर्षाने मला सगळं सांगितलं. तिघंही पाकिस्तानातली. सिंधमधल्या एका खेड्यातली. महक अगदी तान्ही असताना हरिद्वारच्या यात्रेचा व्हिसा काढून आली आणि परत गेली नाहीत. तिथे का राहवेना ते तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. अशा लोकांना इथे राहायचा परवाना मिळतो, पण तो पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावा लागतो. त्यासाठी इथल्या एका माणसाने जामीन राहावं लागतं — ही माझ्या ओळखीची माणसं, यांची जबाबदारी माझी, असं सही करून द्यावं लागतं. जामीन परसूमामा होते. यंदाची मुदतवाढ कुठल्याशा टेबलावर अडकली होती, आणि ती हातात पडेपर्यंत एकसुद्धा तक्रार, एकसुद्धा वाकडा शेरा वर जाऊन चालणार नव्हता. गेला तर तिघांना परत जावं लागणार. हे सांगताना वर्षा माझ्या साडीचा काठ बोटांत धरून बसली होती. कुणाला बोलू नका आंटी, म्हणाली. मी तिला शब्द दिला.

आणि निबंध मीच सांगितला. राजस्थानातलं गाव, विहीर, मोर, आजीच्या हातची बाजरीची भाकरी. जन्मभर मुलांच्या नकला पकडणाऱ्या बाईने खोटा निबंध लिहवून घेतला! महकला वर्गात शाबासकी मिळाली. ती सांगायला धावत आली होती.

इथे मी असं लिहिलं असतं, की मला त्यांची दया आली, तर बरं दिसलं असतं. आली होतीच. पण सगळ्यात आधी काय वाटलं सांगू? वाटलं, बघा, मी म्हणत होते ना. माझा संशय खरा निघाला याचा मला आनंद झाला. आणि मग दुसरा विचार आला — जी माणसं एवढी मोठी गोष्ट लपवून राहू शकतात, ती आणखी काय काय लपवत असतील?

हरेश महिन्यातून एकदा गच्चीची चावी मागायला यायचा. संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला. कशाला विचारलं, तर म्हणायचा, नीचे नेटवर्क नहीं आता आंटी. आता आमच्या बिल्डिंगमध्ये नेटवर्कला काही झालेलं नाही. माझा मुलगा मला रोज व्हिडिओ कॉल करतो, नातवाच्या नाकातला शेंबूडसुद्धा स्वच्छ दिसतो. म्हणजे हा खोटं बोलतोय. का बोलतोय? महिन्यातून एकदाच का? आणि तारीखही एक नाही. या महिन्यात एक, पुढच्या महिन्यात एखादा दिवस अलीकडे, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी अलीकडे. मी मनाशी म्हटलं, मुद्दाम बदलतोय, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

एकदा मी त्याच्या मागोमाग गेले. चपला जिन्यातच काढल्या. टाकीच्या आडोशाला उभी राहिले आणि बघत बसले. हरेश पश्चिमेच्या कठड्याशी उभा होता. कानात इयरफोन. हातरुमाल उलगडून त्याने डोक्यावरून घेतला — मला वाटलं, तोंड झाकतोय. मग फोन उंच धरला आणि हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवायला लागला. समोर काय आहे? रेल्वेलाइन, पलीकडचे टॉवर, त्यामागे डोंगर. फोन थांबे, पुन्हा फिरे. तो हलक्या आवाजात त्याच्या भाषेत काहीतरी सांगत होता आणि बोटाने दाखवत होता. हा शूटिंग करून कुणाला पाठवतोय?

मी विचारलं असतं तर? अगदी दोन पावलं पुढे जाऊन, काय रे करतोस, असं म्हटलं असतं तर? पण पकडायचं असलं की आधी विचारायचं नाही, हे मी परीक्षेच्या वर्गात शिकलेले. मी आवाज न करता खाली आले आणि चहा टाकला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सीमेवरचं वातावरण तापलं. टीव्हीवर दिवसभर तेच. व्हॉट्सअॅपवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये रोज नवीन काहीतरी — सावध राहा, आजूबाजूला कोण राहतं बघा, संशयास्पद दिसलं तर कळवा. जे शब्द मी आयुष्यभर मनात म्हणत आले, ते आता सगळे मोठ्याने म्हणत होते. मला कसं बरं वाटलं ते सांगायची लाज वाटते.

माझा एक जुना विद्यार्थी पोलिसात आहे. त्याचं नाव सांगत नाही. मार्केटमध्ये भेटला, वाकून नमस्कार केला, बाई कशा आहात, म्हणाला. आणि मी — आता तुम्हीच बघा मी कशी आहे ते — मी त्याला तिथे, नारळवाल्याच्या गाडीशी उभं राहून सांगितलं. तक्रार केली नाही हं. फक्त कानावर घातलं. समोर कोण राहतं, कुठून आलेत, महिन्यातून एकदा गच्चीवरून काय चालतं. वर हेही म्हणाले, की माणसं चांगली असतील रे, पण बघून घेतलेलं बरं. तो गंभीर झाला.

“बरं झालं सांगितलंत, बाई. तुमचं नाव कुठे येणार नाही.”

नारळ घेऊन मी घरी आले.

सकाळी साध्या कपड्यांतले दोघं जण आले आणि हरेशला घेऊन गेले, फोनसकट. महकची एक वेणी घातलेली, एक राहिलेली. ती तशीच माझ्या घरी येऊन बसली. वर्षाला मी जेवायला वाढलं, ती नुसती ताटात बोट फिरवत होती. परसूमामा दुकान बंद करून चौकीच्या बाहेर बसून राहिले. त्यांना आत कुणी घेत नव्हतं आणि ते तिथून उठत नव्हते. मी काय करत होते? मी पोरीची दुसरी वेणी घातली. वर्षाला म्हटलं, काही होणार नाही, देव आहे. हे सगळं मी केलं आणि मनातून करत होते. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या वेळी मला खरंच रडू येत होतं.

हरेशला सोडलं. काही सापडलं नव्हतं, काही नव्हतंच. पण त्याचा फोन त्यांनी ठेवून घेतला आणि कागदावर शेरा गेला, सीमेपलीकडे नियमित संपर्क. संध्याकाळी तो आमच्या घरात सोफ्याच्या अगदी टोकाला बसला होता. सारखं छत, छत विचारत होते, म्हणाला. मग त्याने मला छताचं काय ते सांगितलं.

अमावास्येनंतर पहिली कोर दिसते ना, तो त्यांच्यात मोठा दिवस. चंड म्हणतात. घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर चंद्र बघायचा, डोकं झाकून हात जोडायचे, आणि मग मोठ्यांच्या पाया पडायचं. हरेशची आई तिकडेच राहिली आहे. तिला इकडे यायचा व्हिसा मिळत नाही आणि याने तिकडे जायचं म्हणजे सगळंच संपलं. मग महिन्यातून एकदा तो फोन लावायचा आणि टॉवरच्या मधून कुठे ती बारीकशी कोर दिसते का ते शोधायचा. सापडली की आईला दाखवायचा. ती तिकडे अंगणात उभी राहून तिची कोर बघायची. मग हा फोनच्या पाया पडायचा. मामांनी त्याला कितीदा बजावलं होतं, तिकडे फोन करू नकोस, कुणाला सांगू तर मुळीच नकोस, उद्या गळ्याशी येईल. म्हणून माझ्याशी तो नेटवर्कचं खोटं बोलला होता. त्याबद्दल त्याने माझी माफी मागितली. माझी.

ती माणसं गेल्यावर मी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. प्रत्येक महिन्यात, त्या त्या चौकोनात, बारीक अक्षरात छापलेलं होतं — चंद्रदर्शन. मी रोज त्याच कॅलेंडरवर दुधाचा खाडा मांडते. संकष्टीचा चंद्रोदय बघून उपास सोडते. मला दिसलं नव्हतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, चूक झाली, घाबरलेल्या दिवसांत भल्याभल्यांची होते. थांबा. मला जे सांगायचं आहे ते अजून आलेलंच नाही. इथवरचं मी कदाचित बहिणीला सांगूही शकले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्षा माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझाच डबा धुऊन परत आणला होता. तो ओट्यावर ठेवला आणि म्हणाली,

“आंटी, छत की चाबी तो आपके पास रहती है ना?”

एवढंच. तिच्या आवाजात संशय होता का? मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित तिला फक्त विचारायचं असेल, की आणखी कोण चावी मागतं. कदाचित तिला सगळं कळलंही असेल आणि मी नाही म्हणावं अशी तिची इच्छा असेल. पण चिठ्ठी सापडलेलं पोर काय करतं ठाऊक आहे? ते शेजारच्या बाकाकडे बघतं. इतकी वर्षं मी ते बघत आले, मनातल्या मनात हसत आले.

“मामांना माहीत होतं ना गं, हरेश गच्चीवरून फोन करतो ते?” मी म्हटलं.

वर्षाला आधी कळलंच नाही. मामा? मामा ऐसा नहीं करेंगे, ती म्हणाली.

“नाही करणार म्हणा. पण तो दुकान सोडून मरोळला जाणार म्हणून चिडलेच होते ना? रागात माणूस बोलून जातो कुठेतरी.”

हे तिनेच मला मागे सांगितलं होतं. मरोळच्या एका गारमेंट युनिटमध्ये हरेशला जास्त पगाराचं काम मिळत होतं आणि त्यावरून मामांशी त्याची बोलाचाली झाली होती. घरातली साधी कुरबुर. ती मी जपून ठेवली होती आणि नेमक्या वेळी बाहेर काढली. मग मी विषय बदलला. डब्यात रव्याचे लाडू भरले आणि महकसाठी दिले.

हे माझं पाप. पोलिसांना सांगितलं ते भीतीपोटी, अडाणीपणापोटी, जे म्हणाल ते. पण मामांचं नाव घेतलं तेव्हा मी घाबरलेली नव्हते, गोंधळलेली नव्हते. माझं डोकं अगदी थंड होतं. मामांची स्वतःची सही त्या कागदावर होती, ही माणसं अडकली तर मामाही अडकणार, हे मला कळत होतं. तरीही कोणता शब्द कुठे बसेल हे मी बघितलं आणि तो तिथे बसवला.

पुढचं आपोआप झालं. हरेश दुकानात गेला आणि गिऱ्हाइकांसमोर मामांना नको ते बोलला. मामा हट्टी माणूस. मी नाही केलं, असं त्यांनी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं नाही. रागाच्या भरात जाऊन आपला जामीन काढून घेतला. आता नवीन जामीन आणा नाहीतर निघायच्या तयारीला लागा, असं हरेशला परवान्याच्या ऑफिसात सांगण्यात आलं.

मामा एकदा माझ्याकडे आले, चार मजले चढून. पाणी प्यायले. समोरच्या बंद दाराकडे बघत म्हणाले,

“बाई, तुम्ही शिकलेल्या. तुमचं ऐकतात ते. त्यांना सांगा ना, मी असं कशाला करेन? माझ्या बहिणीचा मुलगा आहे तो.”

मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, बघते. माझं ऐकत होते हे खरंच होतं. मी काही बघितलं नाही.

मग वर्षाने मला विचारलं, जामीन तुम्ही राहाल का. ती मान खाली घालून बोलत होती. मी म्हटलं, माझी काही हरकत नाही गं, पण मुलाला विचारावं लागेल. दोन दिवसांनी सांगितलं, तो नको म्हणतो. मुलाला मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, म्हणूनच नाही विचारलं. जामीन राहायचं म्हणजे चौकीत जायचं, तिथे माझा विद्यार्थी समोर बसणार, आणि त्याच्या तोंडून काहीतरी निघणार. वर्षा म्हणाली, कोई बात नहीं आंटी, आपने बहुत किया. हे ती टोमणा म्हणून बोलली नव्हती.

एका सकाळी ती तिघं गेली. ऑफिसला न कळवता, म्हणजे आता तर उघड गुन्हाच. जोधपूरला अशा माणसांच्या वस्त्या आहेत, तिथे लांबच्या नात्यातलं कुणीतरी होतं. खाली टॅक्सी थांबली होती. हरेशने मला नवीन फोन नंबर दिला, वस्तीचं नाव सांगितलं, आणि म्हणाला की कुणालाच सांगितलेलं नाही, फक्त तुम्हाला. मामाला तर बिलकुल सांगू नका. महकने माझ्या कमरेला मिठी मारली. गच्चीची चावी त्याने त्या दिवसानंतर पुन्हा कधी मागितली नव्हती. फोन गेल्यापासून आईशीही बोलणं झालेलं नव्हतं.

वर्षा मधूनमधून मला फोन करते. दुसरं कोण आहे तिला बोलायला? तिथेही जामीन लागतोच आणि अनोळखी माणसाला कोणी जामीन राहत नाही. मुंबईहून न सांगता आले, त्यामुळे कागद दाखवायलाही भीती वाटते. महकचं नाव शाळेत घातलेलं नाही. वस्तीत पोलीस आले की ती तिघं मागच्या बाजूने कुणाच्यातरी घरात जाऊन बसतात. कधीतरी तिथून सरळ सीमेच्या गाडीत बसवतील, ती म्हणते. मी फोनवर म्हणते, काही होणार नाही, देव आहे.

आणि मामा येतात. गेल्या काही महिन्यांपासून येतात. राग केव्हाच गेलाय. जावयाला बरोबर घेऊन त्यांनी चौकशी करून ठेवली आहे — जामीन पुन्हा देता येतो, त्या तिघांनी स्वतः येऊन सांगितलं तर न कळवता गेल्याचंही मिटवता येईल, वकिलानेही तसं सांगितलं आहे. फक्त ती कुठे आहेत एवढं कळायला हवं, आणि तेही लवकर. नवीन नंबर त्यांच्याकडे नाही. हरेशने कुणालाच दिलेला नाही.

त्यांनीच सांगितलंय मामांना सांगू नका, मी शब्द कसा मोडू — असं मी स्वतःला म्हणते. पहिला शब्द मी नारळाच्या गाडीपाशी मोडला होता, तेव्हा असं काही आठवलं नव्हतं. आणि मामांना का सांगायचं नाही, ते मला जितकं माहीत आहे तितकं हरेशलाही नाही. मामा आणि हरेश एकदा समोरासमोर बसले, तर पहिला प्रश्न काय निघेल? मामा विचारतील, माझ्यावरचा संशय तुझ्या डोक्यात आला कुठून? आणि वर्षा सांगेल.

परवा मामा पुन्हा आले होते. आता प्रत्येक मजल्यावर नाही, दर पाच-सहा पायऱ्यांवर थांबतात. चहा घेतला. वर्षाचा फोन त्याच सकाळी येऊन गेला होता. पोरगी तापाने फणफणली होती आणि दवाखान्यात न्यायला ती घाबरत होती.

“बाई, त्यांनी जाताना तुम्हालाही काहीच सांगितलं नाही?” मामांनी विचारलं. “तुमच्यावर तर सगळ्यात जास्त भरोसा होता त्यांचा.”

मी म्हटलं, “नाही हो मामा. मला काहीच माहीत नाही.”

त्यांनी मान हलवली, कप बशीत नीट ठेवला, आणि कठडा धरून उतरायला लागले. वर्षाचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. मामांचाही आहे. दोघांनाही मी अजून काही सांगितलेलं नाही.